शेतकरी कंपनीचे कागद कुठे ठेवावेत: साधं ड्राइव्ह, शेअर्ड ड्राइव्ह की नेक्स्टक्लाउड?

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीत सभासदाचा सातबारा, आधार आणि पासबुक स्कॅन होऊन एका फोल्डरात पडतं. काटापावत्या, ट्रकच्या बिल्ट्या, व्यापाऱ्यांची बिलंही तिथंच. आणि ते फोल्डर ऑपरेटर, अकाउंटंट, सीए, संचालक, सगळ्यांनाच 'एडिटर' म्हणून, म्हणजे बदल करायच्या हक्कासह, दिलेलं असतं. जागा किती मिळते हे नंतर बघा. आधी दोन प्रश्न विचारा: माणूस नोकरी सोडून गेला तर कागद कुणाकडे राहतात? आणि कागद भरणाऱ्याला ते पुसायचाही हक्क द्यावा लागतो का?

फुकटचं गूगल ड्राइव्ह दोन्हीत कमी पडतं. फोल्डर कंपनीच्या खात्याचं असलं तरी ऑपरेटरने स्वतःच्या जीमेलवरून टाकलेली फाइल त्याच्याच मालकीची राहते. त्याने खातं बंद केलं की ती गेली. सेटिंग बदललं नाही तर एडिटर ते फोल्डर पुढे आणखी कुणालाही देऊ शकतो. 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय चालू असताना ती लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेली, तर सभासदाचं आधार कुणी पाहिलं हे कळायला मार्ग नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अशी माहिती सांभाळायची जबाबदारी ती जमवणाऱ्या संस्थेवर टाकतो. सभासदाने विश्वासाने दिलेला कागद असा उघड्यावर राहू नये.

गूगल वर्कस्पेस म्हणजे गूगलची संस्थांसाठीची पैसे भरून घ्यायची सेवा. तिच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइल संस्थेची असते, टाकणाऱ्याची नाही. हक्क पाच पायऱ्यांचे आहेत. त्यातली 'कॉन्ट्रिब्यूटर' ही पायरी आपल्या फार कामाची: ऑपरेटर बिल्टी चढवेल, दुरुस्तही करेल, पण पुसू शकणार नाही. पुसायचा हक्क 'कंटेंट मॅनेजर'पासून वर. मात्र ड्राइव्हचा सदस्य झाला की त्याला सहसा आतलं सगळं दिसतं, म्हणून आधार-पासबुकांसाठी वेगळं ड्राइव्हच काढा. दरमहा माणशी पैसे पडतात आणि सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्ये ही सोय असेलच असं धरू नका.

नेक्स्टक्लाउड हे ड्राइव्हसारखंच काम करणारं सॉफ्टवेअर. ते फुकट, आणि कागद आपल्याच सर्व्हरवर, म्हणजे सतत चालू ठेवायच्या संगणकावर. टीम फोल्डरात वाचणं, लिहिणं, नवं टाकणं, पुसणं, वाटणं हे हक्क गटागटाने आणि उपफोल्डरनिहाय ठरवता येतात. इतकी बारकाई मला मनापासून आवडते. पण तो सर्व्हर कार्यालयातच ठेवला तर मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांवर जातो, वीज जाते, आणि बॅकअप रोज कुणीतरी बघावाच लागतो. तसा पगारी माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

मायक्रोसॉफ्टचे पैसे आधीच भरत असाल तर त्यांचं शेअरपॉइंट, म्हणजे संस्थेच्या फाइली एकत्र ठेवायची सोय, चालेल. फक्त तिथल्या 'मेंबर' गटाला मुळातच पुसता येतं, ते बदलून घ्या.

पाच-सात माणसांच्या कार्यालयाला माझा सल्ला शेअर्ड ड्राइव्हचा. हक्क माणसाच्या नावाने देऊ नका. 'हिशोब', 'पाठवणी', 'सभासद नोंदणी' असे गट करा, गटात एकच माणूस असला तरी. तो गेला की त्याला गटातून काढा, नवा घाला. फोल्डर धुंडाळत बसावं लागत नाही. सीएला हिशोबाचं ड्राइव्ह पुरे, तेही 'व्ह्यूअर' म्हणून, म्हणजे फक्त बघण्यापुरतं. 'मॅनेजर', म्हणजे सदस्य घालायचा-काढायचा हक्क असलेले, दोघे ठेवा, सीईओ आणि एक संचालक. मग ऑपरेटरच्याच लॉगिनने आधारचं ड्राइव्ह उघडून बघा. उघडलं, तर गट पुन्हा तपासा आणि त्यानंतरच स्कॅनिंगला हात लावा.