हीटर गार, इंजिन गरम: जुन्या ट्रकवर पैसा आधी कुठे घालायचा?

जानेवारीत रावेर-सावद्याहून केळी भरून गाडी पंजाब, जम्मूकडे निघाली की आपल्या माणसाला हीटरची आठवण होते. एरवी वर्षभर ती मूठ कुठल्या बाजूला फिरते हेही ठाऊक नसतं. अंबाल्याच्या पुढे धुकं लागतं, काच आतून धुरकटते आणि क्लीनर फडकं घेऊन पुसत बसतो. हीच गाडी मे महिन्यात घाट चढताना तापमानाचा काटा लालीवर नेते. मालक हे दोन आजार समजतो आणि दोन मिस्त्र्यांकडे जातो.

पाणी मात्र एकच असतं. इंजिनातून जे गरम पाणी रेडिएटरकडे जातं, त्याचाच एक फाटा केबिनमधल्या हीटरच्या छोट्या जाळीत येतो. त्यामुळे हीटर काय करतो आणि काटा काय दाखवतो, हे दोन्ही एकत्र बघितलं तर निम्मं निदान घरच्या अंगणात होतं. (गाडी उभी ठेवून नुसती चालू असेल आणि हीटर कोमट असेल, तर ते धरू नका. रिकामं फिरणारं डिझेल इंजिन मुळात कमी उष्णता देतं. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून मग तपासा.)

काटा खालीच राहतो आणि हीटरही गार, असं असेल तर संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट अडवणाऱ्या झडपेवर (मिस्त्री तिला ‘वॉल’ म्हणतात). तो उघडा अडकला असेल किंवा जागेवरच नसेल. काटा वर आणि हीटर गार, ही जोडी वाईट. पाणी कमी झालंय, हवा धरलीय किंवा पाण्याचा पंप पाणी फिरवत नाही. चालत्या गाडीत काटा चढतोय आणि हीटरची हवा एकदम गार झाली, तर पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ नका. तिथेच बाजूला घ्या. आणि काटा बरोबर मध्यावर, हीटर मात्र गार, असं असेल तर हीटरच्या दोन्ही होजपाइपांना हात लावा. जपून लावा, पोळतात. दोन्ही चांगले गरम असतील तर पाणी फिरतंय; दोष ब्लोअरचा, झडपेचा किंवा तुटलेल्या केबलचा. एक गरम आणि दुसरा कोमट असेल तर जाळी चोंदलीय किंवा हीटरचा कॉक पूर्ण उघडत नाही.

थर्मोस्टॅट: काढून चालवायचा की नवा बसवायचा?

यावर आपल्याकडे जवळजवळ एकमत आहे, आणि ते चुकीचं आहे. ‘आपल्याकडच्या उन्हात वॉल कशाला?’ म्हणून काढून टाकतात. मी घेतलेल्या जुन्या सहाचाकीतही आधीच्या मालकानं तो काढलेला होता. मला ते दोन हिवाळ्यांनी कळलं, तोवर मी हीटरची जाळी दोनदा धुऊन घेतली होती.

काढल्यावर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. थंडीत इंजिन कामाच्या तापमानाला पोचतच नाही. हीटर गार राहतो, डिझेल जास्त जातं आणि इंजिनाची झीज वाढते. हे तरी लोक मान्य करतात. दुसरी गोष्ट सांगितली की हसतात: बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट काढल्यानं घाटात गाडी उलट जास्त गरम होते. कारण या थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. गरम झाल्यावर एक रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी बायपासची वाट बंद करते. अख्खा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायमचा उघडा. मग काही गरम पाणी रेडिएटरला न भेटताच इंजिनात परत जातं. मोकळ्या गाडीला ते चालून जातं, पण भरलेली गाडी कसाऱ्याच्या चढाला लागली की तेच अंगाशी येतं.

नवा काही शे रुपयांत येतो. जुना तपासायचा असेल तर दोरीला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि गरम करा. त्याच्यावर तापमान छापलेलं असतं, पुष्कळ डिझेल इंजिनांत ८२ अंशांच्या आसपास. त्या सुमाराला उघडायला लागला तर ठीक. न उघडणारा किंवा गार पाण्यातही उघडा दिसणारा फेकून द्या. माझा कौल सरळ आहे: दुरुस्तीला हात घातला की सगळ्यात आधी हा बसवा, सोबत रेडिएटरचं झाकणही बदला. झाकण ही फालतू वस्तू वाटते, पण साधारण ०.९ बारचं झाकण धडपणे दाब धरत असेल तर साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं. दाब सोडणाऱ्या झाकणाखाली शंभरालाच. झोजिला खिंडीसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर तर उघडं पाणी ८८ अंशांनाच उकळतं.

रेडिएटर: धुणे, रॉडिंग, नवी जाळी की अख्खा नवा?

आधी कधी गरम होते ते बघा. ट्रॅफिकमध्ये, उभी असताना गरम होते आणि हायवेला लागली की काटा उतरतो, तर रेडिएटरला हातही लावू नका. तिथे फॅन, फॅनबेल्ट, व्हिस्कस क्लच (गरम झाल्यावर फॅनला जोर देणारा) किंवा फॅनभोवतीचं तुटकं कव्हर तपासा. उभी असताना ठीक पण लोड घेऊन चढावर गरम, तर मात्र जाळीतून पाणी किंवा हवा पुरेशी जात नाही.

हवा अडली असेल तर धुण्यावर भागतं. माती, पाचट, किडे इंजिनाच्या बाजूनं पुढे ढकलत धुवायचे, साध्या नळीनं. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरनं पात्या मुडपतात आणि होती ती हवाही बंद होते.

आतून बोअरच्या पाण्याचे क्षार बसले असतील तर निवड येते. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरच्या टाक्या डागानं (सोल्डरनं) लावलेल्या असतात. त्या उकलून नळ्यांतून सळई फिरवता येते, तेच रॉडिंग. स्वस्त आहे, चालतंही. पण नळ्या आधीच गळून डाग मारलेल्या असतील तर सळई क्षारासोबत नळीही फोडते; अशा वेळी जुन्या टाक्या ठेवून नवी जाळी बसवणं बरं. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि वर प्लास्टिकची टाकी असेल तर रॉडिंगचा विचार सोडा. ती टाकी दाबून बसवलेली असते. पुष्कळदा नवा घेणंच स्वस्त पडतं. मला विचाराल तर तांब्याचा चांगला असेल तोवर तो मोडीत देऊ नका. आडगावातही त्याला डाग मारणारा माणूस सापडतो.

केबिनला बाहेरून एसी लावायचा विचार असेल तर तो रेडिएटर सुधारल्यानंतरचा. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, त्यामुळे जुन्या गाडीवालेही चौकशी करतात. पण एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, बहुधा रेडिएटरच्याच पुढे बसतो आणि कॉम्प्रेसरचा भार इंजिनावर येतो. आधीच तापणारी गाडी आणखी तापेल.

हीटरची जाळी

चोंदली असेल तर दोन्ही पाइप सोडून उलट्या दिशेनं कमी दाबाचं पाणी सोडा. गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकायची जुनी युक्ती कुणी केली असेल, तर ती हळद इथे सापडेल. पायाखालची मॅट ओली आणि केबिनला गोडसर वास असेल तर जाळी फुटलीय. बदलायला पुष्कळ गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरी भारी. गाडी महाराष्ट्राबाहेर जातच नसेल तर दोन्ही पाइप एकमेकांना जोडून जाळी बाजूला काढली तरी चालेल. उत्तरेला जाणाऱ्यानं हे करू नये.

पाणी की कूलंट

इथे तुलना करायला फारसं काही नाही. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, हे मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. काश्मीरला रात्री उभ्या गाडीत नुसतं पाणी असेल तर ते गोठताना फुगतं आणि इंजिनाच्या ब्लॉकला चीर पाडू शकतं. वेगवेगळ्या रंगांची कूलंटं एकत्र ओतू नका. काढलेलं कूलंट रस्त्यावर सोडू नका. गोड लागतं म्हणून कुत्री-गुरं पितात, आणि ते विष आहे.

हे सगळं करण्याआधी एक सकाळ द्या. इंजिन पूर्ण गार असताना झाकण काढा, गाडी चालू करा आणि पाण्याकडे बघा. बुडबुडे थांबतच नसतील, झाकण लावून चालू केल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप दोन मिनिटांत दगडासारखा कडक होत असेल, किंवा ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर हेड गॅसकेट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) बहुधा गेलंय. अशा गाडीला नवा रेडिएटर लावणं म्हणजे गळक्या हंड्यावर नवं झाकण. हेड उतरवून फेस मारण्याचा, म्हणजे त्याची बसकण सपाट करून घेण्याचा, खर्च आधी काढा. आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी लागतो, तोही त्यात मिळवा, आणि मग गाडी ठेवायची की काढायची ते बघा.