खात्यात न आलेले साडेतेरा हजार रुपये

2022 साली जुन्या गाडीत बसवण्यासाठी मी चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर (स्पीकरना ताकद देणारे यंत्र), बारा इंची सबवूफर (खालच्या, घुमणाऱ्या आवाजाचा मोठा स्पीकर) आणि कंपोनंट स्पीकरची एक जोडी घेतली होती. बसवण्याआधीच गाडी बदलली, आणि नव्या गाडीच्या टचस्क्रीनमागची वायर कापली तर वॉरंटीवरून वाद होईल असे कळल्यामुळे तिन्ही खोकी माळ्यावर तशीच पडून राहिली. बिल 25,500 रुपयांचे होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका विक्रेत्याने सहा हजारांच्या वर जाण्यास नकार दिला, म्हणून मी पंधरा हजारांची ऑनलाइन जाहिरात दिली.

पहिला फोन आला तो स्वतःला सैन्यातला म्हणवणाऱ्या माणसाचा. त्याने क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील’ असे सांगितले. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हे मला ठाऊक असल्याने मी फोन ठेवून दिला. आपण पुरेसे सावध आहोत, अशी त्या प्रसंगामुळे माझी समजूत झाली आणि पुढचा घात त्याच समजुतीमुळे झाला.

रविवारी संध्याकाळी पंचविशीतला एक तरुण घरी आला. त्याला या वस्तूंची उत्तम जाण होती. त्याने सोबत आणलेल्या मल्टिमीटरने सबवूफरच्या कॉइलचा, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीचा, रोध मोजला. चार ओहमच्या कॉइलला मीटरवर 3.4 दिसल्यावर ‘बरोबर आहे, थोडा कमीच दाखवतो’ असे तो म्हणाला, आणि स्पीकरचा कोन (पुढचा पडदा) तळहाताने हलकेच दाबून कॉइल कुठे घासत नाही ना, हेही त्याने पाहिले. पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या बॅटरीवरून ॲम्प्लिफायरला वीज दिली, बारा व्होल्टच्या टर्मिनलपासून रिमोटच्या (ॲम्प्लिफायर चालू करणाऱ्या) टर्मिनलपर्यंत वायरचा लहानसा तुकडा जोडला, तेव्हा निळा दिवा लागला. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर त्याने विश्वास ठेवला नाही, स्वतः मोजून घेतले. मी मात्र त्याच्या मोबाइलवर दिसलेल्या आकड्यावर विश्वास ठेवला.

सौदा साडेतेरा हजारांना ठरला. त्याने माझा क्यूआर स्कॅन केला, पडद्यावर हिरवी टिक, माझे नाव आणि रक्कम दिसली, आणि मिनिटभरात माझ्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा संदेशही आला. मी बँकेचे ॲप उघडले, तर त्यात नोंद नव्हती. ‘काका, रविवारी सर्व्हर स्लो असतो, पाच मिनिटांत दिसेल,’ असे तो म्हणाला. त्याचा साथीदार बाहेर हॉर्न वाजवत होता, गाडी कोणाच्या तरी वाटेत उभी होती, आणि ती घाई मला खरी वाटली. खोकी डिकीत गेली. पैसे आजतागायत आले नाहीत.

रात्री तो संदेश पुन्हा वाचला, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. बँकेचा संदेश अक्षरी नावाने येतो, हा मात्र साध्या दहा अंकी मोबाइल क्रमांकावरून आला होता. यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांक बारा अंकी असतो, संदेशातला अकरा अंकी होता. हुबेहूब पैसे भरल्याचा पडदा दाखवणारी बनावट ॲप असतात, हे मला त्यानंतर समजले.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला, तरी माझ्या खात्यातून रक्कम गेलेलीच नसल्यामुळे थांबवण्यासारखा व्यवहारच नव्हता. गेली होती ती वस्तू. पोलीस ठाण्यात बिल, तो संदेश आणि सोसायटीच्या कॅमेऱ्याचे चित्रण देऊन तक्रार केली. गाडीचा क्रमांक मी टिपला नव्हता, आणि अंधारामुळे चित्रणात तो वाचता येत नाही. या चुकीची मला सर्वाधिक खंत वाटते. आपण असे काही विकत असाल, तर रक्कम स्वतःच्या बँकेच्या खात्यात दिसेपर्यंत खोके हातातून सोडू नका, मग समोरचा कितीही घाईत असो. शक्यतो सौदा दिवसा, बँकेच्या शाखेजवळ करा आणि गाडीच्या क्रमांकाचा फोटो आधीच घ्या.

चोरीला गेलेला मोबाइल त्याच्या आयएमईआय या ओळख क्रमांकावरून बंद करता येतो, तशी ॲम्प्लिफायर बंद करण्याची सोय नसते. ओळख राहते ती मागच्या बाजूच्या सिरियल क्रमांकाची, आणि तो माझ्या बिलावर आहे. कोणी आपल्याला न वापरलेला चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर स्वस्तात देऊ करत असेल, तर आधी मूळ बिल मागा, आणि तो क्रमांक खरवडलेला असेल तर घेऊ नका.