तुलूज ते रेवेल, अकरा महिन्यांनंतर: रस्ता झकास, पण नळ कुठायत?

गेल्या रविवारी सायकलचा हँगर (मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, फ्रेमला धरून ठेवणारा तुकडा) तुटला म्हणून हे लिहायला बसलेय, नाहीतर अजून सहा महिने टाळलं असतं. इथे दक्षिण फ्रान्समध्ये रिगोलच्या, म्हणजे कालव्याला पाणी आणणाऱ्या पाटाच्या, कडेनं सायकलवर मस्त चालले होते, आदले दोन दिवस ओतां नावाचा इथला वारा बेफाम सुटलेला, त्यामुळे वाटेत सगळीकडे काटक्या. त्यातली अंगठ्याएवढी जाड एक मागच्या चाकात उडाली, कट्‌ असा आवाज झाला आणि डिरेलर सरळ स्पोकमध्ये. बघते तर हँगर मधोमध मोडलेला. चेन छोटी करून डिरेलरशिवाय चालवता आली असती, पण ते टूल घरी, दुसऱ्या बॅगेत. मग काय, 11 किमी सायकल ढकलत रेवेलपर्यंत, पेडलला अडकणाऱ्या क्लीटच्या बुटात.

दुसऱ्या दिवशी दुकान. (नाव घेत नाही, घेण्यात अर्थही नाही.) दुकानदारानं सायकलकडे बघायच्या आधी विचारलं, कुठून घेतली? ऑनलाइन म्हटल्यावर चेहराच बदलला. नुसतं "बघायचे" 25 युरो आणि अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. अहो, तुटलेला तुकडा माझ्या हातात आहे, तुम्ही बघणार काय आहात? घरी आले, 18 युरोला हँगर मागवला, आला की बसवीन स्वतःच. तोवर सायकल उभी, म्हणून हे.

कानाल द्यु मिदी ह्या कालव्याबद्दल फार सांगत बसत नाही, रिकेनं बांधला, 1681 मध्ये सुरू झाला, युनेस्कोच्या यादीत आहे, सगळ्यांना माहितेय. मी दर दोन आठवड्यांनी जाते तो रूट असा: तुलूजहून कालव्याकडेनं पोर-लोरागे, साधारण 50 किमी, हे सगळं डांबरी. मग जरा पुढे नोरूज, आणि तिथून कालवा सोडून डावीकडे रिगोल द ला प्लेन धरायची ती थेट रेवेलच्या पलीकडे, 38 किमीच्या आसपास, माती, बारीक खडी आणि झाडांची मुळं. माझी सायकल साधी अॅल्युमिनियमची, टायर 40 मिमी रुंदीचे. ह्या रस्त्याला एवढं पुरतं, सस्पेन्शन वगैरेवर पैसे घालवू नका.

रिगोल म्हणजे पाट हो, आपल्या शेतात असतो तसाच, फक्त साडेतीनशे वर्षं जुना. डोंगरातलं पाणी नोरूजपर्यंत आणायला खणलेला. आणि मला ह्या रूटचं सगळ्यात आवडतं ते हेच, की पाणी आपोआप वाहायला हवं म्हणून पाट टेकड्यांना वळसे घालत घालत जातो, एकही चढ नाही. आजूबाजूला लोरागेच्या (ह्या भागाचं नाव) टेकड्या वरखाली होतायत, जूनमध्ये पिवळा गहू, जुलैत सूर्यफुलं, माथ्यावर एखादं गाव आणि चर्चचा मनोरा, आणि आपण मधून सपाट चाललोय. तोच मनोरा आधी उजवीकडे दिसतो, मग समोर, मग अर्ध्या तासानं परत उजवीकडे. गाडीनं हेच अंतर बरंच कमी पडतं पण घाई कोणाला आहे.

गाड्या? शून्य. रस्ता ओलांडायला लागतो तेवढंच. पण ट्रॅफिक नाही म्हणजे आवाज नाही असं समजू नका, तुलूज ते नोरूज भागात ए-61 मोटरवे आणि रेल्वे कालव्याला बऱ्याच ठिकाणी चिकटून आहेत, वारा तिकडून असला की ट्रकचा घुंई घुंई आवाज तासन्‌तास. खरी शांतता रिगोलवरच.

आता मुद्द्यावर येते. पाणी. प्यायचं पाणी!!

मी सोलापूरची. आमच्याकडे नळाला चार चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे घराबाहेर पडताना पाण्याचा हिशोब हा रक्तातच आहे. आणि इथे अवस्था अशी की अख्खा रूट पाण्याच्या कडेनं, डाव्या हाताला कालवा नाहीतर पाट खळखळतोय, आणि रिगोलवर लागलात की पिण्याजोगं पाणी औषधाला नाही. पाटाचं पाणी पिण्यातलं नाही, त्यात कुत्री पोहतात आणि ते रागोंदां नावाचं घुशीचं थोरलं भावंड पण. दुकानात अर्ध्या लिटरच्या बाटलीला अडीच युरो द्यायचे? मी नाही देणार. एकदा दिले, अजून आठवतायत.

मग अकरा महिन्यांत मी नळांचा अभ्यासच केला. पहिला भरवशाचा नळ पोर-लोरागेला, आणि गंमत म्हणजे ती मोटरवेची रेस्ट एरिया आहे. गाडीवाले पुढून येतात, आपण मागच्या दारानं सायकलवर. टॉयलेट, पाणी, सगळं फुकट. गाड्यांना इतकी नावं ठेवली मी वर, पण तहान मोटरवेच भागवतो हे कबूल करायला हवं. त्यानंतर रेवेलपर्यंत काही नाही. लांक्लासच्या तलावाशी झाडं आहेत, सावली आहे, थांबायला उत्तम, पण माझा नळ तिथेही नाही.

जूनमध्ये एकदा 36 डिग्रीत दोन्ही बाटल्या लांक्लासच्या आधीच संपल्या. फ्रेंच सायकलवाल्यांची जुनी युक्ती ऐकून होते की गावाचं कब्रस्तान गाठायचं, तिथे फुलांना घालायला नळ असतोच. म्हणून पाट सोडून टेकडी चढले, जीभ टाळूला चिकटलेली. लोखंडी दार, आत दांडीला ओळीनं हिरव्या झाऱ्या टांगलेल्या, आणि कोपऱ्यात पितळी नळ. पाणी पिण्याजोगं नाही अशी पाटी नव्हती, पण पिण्याजोगं आहे अशीही नव्हती. एक आजी झारी घेऊन आल्या. विचारलं, मादाम, हे पाणी प्यायचं आहे का? म्हणाल्या, हो तर, माझा नवरा चाळीस वर्षं हेच पाणी प्यायला. आणि वळून त्याच्याच कबरीवरच्या फुलांना पाणी घालायला लागल्या! मी दोन सेकंद विचार केला, मग दोन्ही बाटल्या भरल्या. थंडगार होतं. काही झालं नाही मला.

तेव्हापासून फोनवरच्या नकाशात कब्रस्तानं मार्क करून ठेवलीयत. नवरा म्हणतो, लोक कॅफे मार्क करतात आणि तू स्मशानं.

इथे मत बदललं ते पण सांगते, कारण सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत सुटले होते की डांबरी 50 किमी फालतू आहेत, सरळ ट्रेननं विलफ्रांश नाहीतर आविन्योने गाठा (टीईआर, म्हणजे इथल्या प्रादेशिक ट्रेनमध्ये, सायकलला वेगळं तिकीट लागत नाही) आणि तिथून सुरू करा. मी तसंच करायचे. मग नोव्हेंबर आला. लोरागेची माती चिकण, तिला इथे तेरफोर म्हणतात, आणि पाऊस पडला की ती आपल्या काळ्या मातीची सख्खी बहीण होते. रिगोलवर जेमतेम चार किमी गेले असेन, टायर आणि फ्रेमच्या मधे माती अशी थापली गेली की चाक फिरेना. काठीनं उकरायची, वीस मीटर जायचं, परत उकरायची. शेवटी सायकल खांद्यावर, आणि ती मातीसकट दुप्पट जड. तेव्हा कळलं डांबराची किंमत. हिवाळाभर बहुतेक तोच भाग चालवला आणि खोटं कशाला बोलू, आवडायला लागला. रविवारी तुलूजला लागून असलेल्या रामोंविलपर्यंत पोरं, कुत्री, स्केटिंगवाले, जीव मुठीत धरून चालवायची, मोंजिस्कार गावाच्या पुढे मात्र अख्खा रस्ता आपला. मासे धरणारे काका लोक लांबच लांब गळ आडवा टाकून बसतात, बेल वाजवली तर रागावतात, "बोंजूर" म्हटलं तर उचलतात. प्लेनच्या (चिनारच्या जातीच्या) झाडांच्या मुळांनी डांबराला ठिकठिकाणी फुगवटे आलेत तेवढे बघून.

त्या झाडांचं मात्र वाईट वाटतं. कालव्याकाठी 42,000 च्या आसपास होती म्हणतात, 2006 साली त्यांच्यात बुरशीचा रोग सापडला, तेव्हापासून रोगट झाडं तोडून तिथेच जाळतात. त्यामुळे काही तुकडे एकदम उघडेबोडके. सावली गेली की घाम जास्त, घाम जास्त की पाणी जास्त, आणि आलो आपण परत नळावर.

वाऱ्याबद्दल एकच सांगते, ओतां आग्नेयेकडून येतो म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. तो असेल तेव्हा ट्रेननं जा आणि सायकलनं या. उलटं करू नका, मी केलंय. आणि तो थांबल्यावर दोन दिवस रिगोलवर काटक्या असतात हे आता 18 युरो देऊन शिकलेय.

नोरूजला थांबाच. वरून आलेलं पाणी इथे दोन्हीकडे वाटलं जातं, एक वाटा अटलांटिककडे, एक भूमध्य समुद्राकडे. उंची फक्त 189 मीटर. सह्याद्रीच्या धारेवर उभं राहून हा थेंब कोकणात, तो देशावर असं बघणाऱ्या माणसाला हे फारच सपाट वाटतं, बोर्ड नसता तर कळलंही नसतं. पण माणसानं हातानं पाणी इथवर आणून वाटलंय हे डोक्यात शिरलं की बरा वेळ बसावंसं वाटतं. मी तिथे पोळीचा रोल आणि शेंगदाण्याचा लाडू खाते.

रेवेलच्या पुढे सँ-फेरेओलचा तलाव, चढ छोटा पण दमवणारा. ह्या पाण्याचा मोठा साठा तिथे, धरण 1672 मध्ये पुरं झालेलं. उन्हाळ्यात पोहायला गर्दी असते. शनिवारी गेलात तर रेवेलच्या लाकडी छपराच्या जुन्या मंडईत बाजार भरतो, पीच घ्या, पण बाराच्या आत पोचा, नंतर सगळे आवरून जेवायला जातात.

परवा जानेवारीतले फोटो बघत होते. त्याच कब्रस्तानात थंडीत गेले होते, तर नळावर गोणपाट गुंडाळलेलं आणि मुख्य चावी बंद, गोठून पाइप फुटू नये म्हणून. दारात त्याच आजी भेटल्या. हातात झारी नव्हती, दीड लिटरची प्लास्टिकची बाटली होती, घरून भरून आणलेली. अर्धी नवऱ्याच्या फुलांना घातली आणि उरलेली माझ्यापुढे धरली.

हँगर गुरुवारी येतोय. दोन मागवलेत.