कायदेशीर सल्ल्याची कौटुंबिक सदस्यता : अनेक महिन्यांच्या वापरानंतर

वकिलांचा दूरध्वनीवरील सल्ला, दस्तऐवजांचे नमुने आणि कागदपत्रांची सामायिक फाइल अशा तिन्ही सोयी देणाऱ्या एका ऑनलाइन सेवेचे आमचे कुटुंब वार्षिक सदस्य आहे. मृत्युपत्र, अपघाताची भरपाई आणि व्हिसा अशा तीन कामांसाठी ती वापरल्यावर माझे मत चांगले झाले आहे. मात्र ‘कौटुंबिक’ या शब्दाबद्दल माझी गंभीर हरकत आहे.

सर्वांत समाधानकारक काम मृत्युपत्राचे झाले. नमुना हाती देण्याआधी वकिलांनी मालमत्ता कोणत्या देशांत आहे आणि वास्तव्य कोठे आहे हे विचारले, आणि हे प्रश्न आवश्यकच होते. इंग्लंडमध्ये १८३७ च्या कायद्यानुसार दोन साक्षीदार एकाच वेळी हजर असावे लागतात, तर फ्रान्समध्ये संपूर्ण स्वहस्ताक्षरातील, तारीख व सही असलेले मृत्युपत्र साक्षीदारांविनाही ग्राह्य ठरते. आईशी बोलताना आम्हा मुलांपैकी कोणीही खोलीत नसावे, असा वकिलांचा आग्रह होता. पुढे दबावाचा आरोप झाल्यास ही काळजी उपयोगी पडते, म्हणून तो मला फार मोलाचा वाटला.

पण तेच मृत्युपत्राचे मसुदे सामायिक फाइलमध्ये सर्व सदस्यांना दिसत होते! वकिलाने एकांतात ऐकायचे आणि यंत्रणेने सर्वांसमोर मांडायचे, ही विसंगती आम्ही तक्रार केल्यावर दूर झाली. वाटणीचा प्रश्न निघाल्यावर तर भावाने आधी सल्ला घेतला असल्यामुळे मला नकार मिळाला. परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या दोघांना एकाच वकिलाने सल्ला देऊ नये हे तत्त्व योग्यच आहे. परंतु घरात वाद झाला तर वकिलाचा अशील कोण, हे पैसे घेण्यापूर्वीच स्पष्ट सांगायला हवे.

अपघाताच्या बाबतीत एकच सल्ला पुरेसा ठरला : उपचार स्थिरावेपर्यंत विमा कंपनीच्या पूर्ण व अंतिम तडजोडीवर सही करू नये, कारण त्यानंतर उद्भवलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च सहसा मागता येत नाही. वेदना आणि बुडालेले काम यांची रोज नोंद ठेवण्याची वकिलांची सूचनाही दाव्यात कामी आली.

व्हिसाचा विभाग मात्र सुमार आहे. १९६१ च्या हेग करारानुसार मिळणारे अपॉस्टिल, म्हणजे परदेशात वापरायच्या सार्वजनिक दस्तऐवजाला जोडले जाणारे प्रमाणपत्र, हे सही, सहीकर्त्याचा अधिकार आणि शिक्का यांचा खरेपणा प्रमाणित करते, मजकुराचा नव्हे, आणि भाषांतराची अट त्याहून वेगळी असते. एवढी प्राथमिक माहितीही तिथे धड मांडलेली नाही. अर्जाचे नमुनेही जुने होते, त्यामुळे प्रत्येक वेळी संबंधित दूतावासाच्या संकेतस्थळावरील सूचना पाहूनच अर्ज भरावा लागला.

सदस्यता आम्ही पुढेही ठेवणार आहोत, मात्र आईचे खाते स्वतंत्र असेल आणि त्याचा पासवर्ड केवळ तिच्याकडे राहील.