आयफोन 11: आयओएस 18 वरच राहावं की 26 घ्यावं?

भाचीला पडलेला प्रश्न. आयओएस म्हणजे आयफोन चालवणारी मूळ प्रणाली; 18 आणि 26 या तिच्या आवृत्त्या. फोन 2019 चा, रॅम 4 जीबी.

खर्च दोन्हीकडे शून्य. सुरक्षेत 26 सरळ पुढे. जुन्या आवृत्त्यांना सगळ्या दुरुस्त्या मिळत नाहीत, हे ॲपल स्वतःच सांगते. यूपीआय आणि बँकेची ॲप्स याच फोनवर असतील, तर मला हाच मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो.

वेग आणि बॅटरीला 18 बरं. 26 ची काचेसारखी पारदर्शक सजावट जुन्या चिपला जास्त काम लावते. ती सेटिंग्जच्या ॲक्सेसिबिलिटीत कमी करता येते. बॅटरी हेल्थ 80 टक्क्यांखाली असेल, तर आधी बॅटरी बदलून घ्या.

आणि 26 वरून 18 वर परत फिरणं जवळपास अशक्य: ॲपलने जुनी आवृत्ती फोनवर टाकायची मान्यता काढली की संपलं.

रोजचे पैशांचे व्यवहार असतील तर बॅकअप घेऊन 26 टाका. नुसत्या फोटो-गाण्यांसाठी ठेवलेला जादा फोन 18 वर राहू द्या.