सिनेटच्या गॅलरीचा फुकट पास: घ्यावा का?

वॉशिंग्टनच्या आसपास मुलाकडे-मुलीकडे येणाऱ्या आईवडिलांसाठी हे लिहितोय. सिनेट म्हणजे अमेरिकेच्या संसदेचं वरचं सभागृह, आणि गॅलरी म्हणजे तिथली प्रेक्षकांची बसायची जागा. माझे गुण पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते शेवटी कळेल, आणि त्यात तिथल्या माणसांचा काही दोष नाही.

आधी माझी ओळख, म्हणजे माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. शेवटची चौदा वर्षं सभेच्या टेबलावर होतो. अजेंडा काढायचा, हजेरीवर सह्या घ्यायच्या, सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते टिपायचं, आणि इतिवृत्त असं लिहायचं की पुढच्या सभेत कुणी उठून ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणता कामा नये. त्यामुळे लोक कॅपिटलला, म्हणजे संसदेच्या इमारतीत, घुमट बघायला जातात, मी सभा बघायला गेलो.

दुसरं कारण एक गृहस्थ. २०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही दोघं पहिल्यांदा हर्नडनला मुलाकडे आलो. बाहेर थंडी, त्यात करोनाची धास्ती, मग दिवसभर टीव्ही. एका वाहिनीवर सिनेटचं कामकाज अखंड चालू असतं, निवेदक नाही, जाहिरात नाही. सौभाग्यवती म्हणाली, “निवृत्त होऊन पुन्हा सभेतच बसलात.” त्या हिवाळ्यात रोज एकच नाव कानावर यायचं: जो मॅन्चिन. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर, पक्ष डेमोक्रॅटिक, पण राज्य असं की २०२० मध्ये तिथल्या जवळपास ६९ टक्के मतदारांनी विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या ट्रम्पना मत दिलेलं. सभागृहात ५० विरुद्ध ५०. बरोबरी झाली की उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचं मत. म्हणजे सत्ताधाऱ्यांपैकी एक जरी माणूस ‘बघू’ म्हणाला तरी सगळा गाडा जागेवर. असे काठावरचे सदस्य मी आमच्याकडे पाहिलेत. अध्यक्ष कुणीही असो, निरोप आधी त्यांच्या घरी जायचा.

त्याच मुक्कामात एका बस-टूरवाल्याने आम्हाला फसवलं. नाव लिहीत नाही. ‘कॅपिटल आतून’ म्हणून माणशी पैसे घेतले आणि बाहेरच्या हिरवळीवर फोटोसाठी पंधरा मिनिटं दिली. तेव्हा करोनामुळे कॅपिटल पाहुण्यांना बंदच होतं, हे आम्हाला घरी आल्यावर कळलं. म्हणून ठळक सांगतो: कॅपिटलची टूर फुकट, गॅलरीचा पासही फुकट. कुणालाही पैसे देऊ नका.

आम्ही आत गेलो ते २०२४ च्या सप्टेंबरात, दुसऱ्या फेरीत. हर्नडनहून मेट्रोची सिल्व्हर लाइन पकडली की कॅपिटल साउथपर्यंत गाडी बदलावी लागत नाही. व्हिजिटर सेंटर इमारतीच्या पूर्वेला जमिनीखाली आहे, २००८ मध्ये उघडलेलं. पाण्याची बाटली, खाऊचा डबा काही आत नेता येत नाही, त्यामुळे सूनबाईंनी दिलेल्या दशम्या बाहेरच्या बाकावर बसून संपवल्या. माझी इन्सुलिनची पेन मात्र औषध म्हटल्यावर जाऊ दिली.

नेहमीची टूर तळघरातली खांबांची खोली, मधला घुमट आणि पुतळ्यांचं दालन दाखवते. छान आहे, पण ती सिनेटच्या गॅलरीत नेत नाही. त्यासाठी वेगळा पास लागतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना तो आपल्या सिनेटरच्या ऑफिसातून मिळतो. आपल्यासारख्या परदेशी पाहुण्यांसाठी व्हिजिटर सेंटरच्या वरच्या मजल्यावर सिनेटचं अपॉइंटमेंट डेस्क आहे. तिथे पासपोर्ट दाखवला, पास मिळाला.

गॅलरीत शिरण्याआधी फोन, कॅमेरा सगळं जमा. दारावरच्या गृहस्थांनी माझ्या टोपीकडे बोट दाखवून अदबीने विचारलं, धार्मिक आहे का? धार्मिक असेल तर चालते म्हणे. आता गांधी टोपी धार्मिक आहे का, हा प्रश्न मला सत्तर वर्षांत कुणी विचारला नव्हता. खोटं कशाला बोला, नाही म्हणालो आणि घडी करून खिशात घातली.

आत गेल्यावर पहिलं काय वाटतं सांगू? खोली लहान आहे. टीव्हीवर भव्य दिसते. शंभर लाकडी डेस्कं अर्धवर्तुळात, आणि बहुतेक रिकामी. एक सिनेटर उभे राहून मोकळ्या बाकांपुढे बोलत होते. ते थांबले, खाली बसता बसता काहीतरी पुटपुटले, आणि क्लार्कने नावं पुकारायला सुरुवात केली. बॉल्डविन. मग बराच वेळ काही नाही. बरासो. पुन्हा शांतता. शेजारी बसलेलं एक जोडपं पाच मिनिटांत उठून गेलं. मला मात्र घाम फुटला. गणपूर्ती नाही! आमच्याकडे हे झालं की सभा तहकूब आणि मग धावपळ.

मुलाने कानात सांगितलं, “अप्पा, हे खरं नाही. वेळ काढताहेत.” गणपूर्तीला ५१ लागतात, समोर चारही नव्हते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. बाहेर कुठेतरी बोलणी चालू असतात, ती होईपर्यंत क्लार्क सावकाश नावं वाचतो. मग कुणीतरी येऊन सर्वांच्या संमतीने हजेरी थांबवा म्हणतो, ती थांबते. आम्ही म यायची वाट बघत होतो. हजेरी ब वरच संपली. हे ज्याला कंटाळवाणं वाटेल त्याने गॅलरीत जाऊ नये, खालीच पुतळे बघावेत. मला विचाराल तर सिनेट कशी चालते ते त्या अर्ध्या तासात जितकं कळलं तितकं दोन महिन्यांच्या टीव्हीत कळलं नव्हतं. काम समोर होतच नाही. समोर फक्त काम थांबलेलं दिसतं.

मॅन्चिन यांचं सगळं प्रकरण याच थांबण्यातलं. ५ मार्च २०२१ ला करोना मदतीच्या १ लाख ९० हजार कोटी डॉलरच्या विधेयकावर एक उपसूचना मताला टाकलेली होती. तेवढ्यात बेकारी भत्त्यावर मॅन्चिन अडले. त्यांना राजी करेपर्यंत ते एक मतदान उघडंच ठेवलं, ११ तास ५० मिनिटं. मी इतिवृत्तात ‘मतदान चालू’ या दोन शब्दांच्या पुढे बारा तासांनी पुढची ओळ लिहितोय, अशी कल्पना करून बघितली. शेवटी आठवड्याला ३०० डॉलरवर जुळलं आणि दुसऱ्या दिवशी विधेयक ५० विरुद्ध ४९ ने पास झालं.

नियमाचा भाग थोडक्यात सांगतो, तो माहीत असला तर गॅलरीत मजा येते. बहुतेक विधेयकांवरची चर्चा संपवायला तिथे ६० मतं लागतात. ती नसली की चर्चा ‘चालूच’ राहते, म्हणजे कुणी बोलतही नाही आणि मतदानही होत नाही. हे फिलिबस्टर. उभं राहून घसा बसेपर्यंत बोलायची आता गरज नसते. खर्च आणि कर यांच्यासाठी मात्र रिकन्सिलिएशन नावाची वाट आहे, तिथे साधं बहुमत पुरतं. पण त्या वाटेवर अर्थसंकल्पाशी संबंध नसलेलं काही घुसवता येत नाही. हा बर्ड नियम. रॉबर्ट बर्ड हे वेस्ट व्हर्जिनियाचेच सिनेटर, ५१ वर्षं सिनेटमध्ये होते, राज्यात इतका निधी नेला की तिथल्या रस्त्यापुलांवर त्यांच्या नावाच्या पाट्या आहेत. आपल्याकडच्या एसटी स्टँडवरच्या पाट्या आठवल्या. ते २०१० मध्ये वारले आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीत त्यांच्या जागेवर मॅन्चिन आले.

म्हणजे एकाच माणसाच्या हातात दोन्ही किल्ल्या. ६० चा नियम मोडायचा तर त्यांचं मत हवं, आणि नियम न मोडता साध्या बहुमताने खर्च करायचा तरीही त्यांचंच मत हवं. १९ जानेवारी २०२२ ला मतदान हक्काच्या विधेयकापुरता नियम बदलायचा प्रस्ताव आला, तो ४८ विरुद्ध ५२ ने पडला. मॅन्चिन आणि अॅरिझोनाच्या कर्स्टन सिनेमा (आडनाव खरंच सिनेमा) विरोधात गेले. मुलगा त्या रात्री चिडून जेवला नाही. मी त्याला सांगितलं की आज आपल्या सोयीने नियम वाकवला तर उद्या समोरचा त्याच्या सोयीने वाकवतो, आणि निस्तरायचं टेबलावरच्या माणसाने. या एका बाबतीत मी मॅन्चिन यांच्या बाजूचा आहे. २०१३ मध्ये नेमणुकांसाठी त्यांच्याच पक्षाने ६० ची अट काढली, तेव्हाही ते विरोधातच होते. माणूस बदलला नव्हता.

पैशांच्या बाबतीत माझं मत इतकं सरळ नाही. बायडेन सरकारच्या सामाजिक आणि हवामानाच्या खर्चाच्या साडेतीन लाख कोटी डॉलरच्या योजनेला त्यांनी सुरुवातीलाच दीड लाख कोटींची मर्यादा घातली होती, तशा कागदावर त्यांच्या पक्षाचे सिनेटमधले नेते शूमर यांची आणि त्यांची सही होती. महिनोन्महिने ओढाताण झाली, आणि १९ डिसेंबर २०२१ ला नकार दिला तो सभागृहात नव्हे, टीव्हीच्या मुलाखतीत. हे मला पटलं नाही. महागाई वाढेल ही त्यांची भीती निराधार नव्हती, पण त्यांच्या कुटुंबाला कोळशाच्या व्यवसायातून उत्पन्न होतं, हवामानाच्या खर्चावर तेच अडून बसले होते, आणि ऊर्जा समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच. आमच्याकडे असा सदस्य त्या विषयापुरता बाहेर जाऊन बसावा अशी निदान अपेक्षा तरी असते.

मग २७ जुलै २०२२ ला अचानक तेच म्हणाले, जमलं. ऊर्जा आणि हवामानावर सुमारे ३७ हजार कोटी डॉलर, औषधांच्या किमतींवर सरकारची घासाघीस, आणि तूट कमी करायची तरतूद. ७ ऑगस्टला रात्रभर उपसूचनांचा पाऊस पडून ५१ विरुद्ध ५० ने पास. रात्रभर उपसूचना म्हणजे आपले ‘आयत्या वेळचे विषय’, फक्त चहा नाही. इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलर, ही मर्यादा खासगी विमेवाल्यांनाही लावायची होती. बर्ड नियमात बसत नाही म्हणून त्याला ६० मतं लागत होती, मिळाली ५७. मेडिकेअरवाल्यांना, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात असणाऱ्यांना, मर्यादा मिळाली, बाकीच्यांना नाही. गॅलरीत बसलो होतो तेव्हा पेन खिशातच होती. नियमाच्या बाजूने मुलाशी वाद घातला होता ते मला तिथे आठवलं.

जेवणाचं. व्हिजिटर सेंटरच्या कॅफेत सिनेटचं प्रसिद्ध बीन सूप मिळतं. शंभरेक वर्षांची प्रथा, सिनेटच्या भोजनगृहात ते रोज असतं. घेण्याआधी विचारा: त्यात डुकराचं मांस असतं. मी माळकरी, मला नुसता वास. मुलगा म्हणाला बरं आहे. दिसायला पांढऱ्या घेवड्याची दाटसर आमटी. आम्ही कोरेगावकडचे, घेवड्यावर आमचं बारीक लक्ष असतं. सौभाग्यवतीने वाटीत डोकावून ‘फोडणी नाही’ एवढाच निकाल दिला.

जेवून पुन्हा वर गेलो, कारण मतदान होणार होतं. पास जपून ठेवा आणि मतदानाची वेळ साधा, हाच माझा खरा सल्ला. एरवी ओस पडलेलं सभागृह दहा मिनिटांत भरतं. सिनेटर गप्पा मारत येतात, पाठीवर थापा देतात, टेबलाशी जाऊन अंगठा वर किंवा खाली करतात, क्लार्क टिपतो. त्या वरच्या टेबलावर एक जर्नल क्लार्क बसतो. त्याचं काम इतिवृत्त. मी त्याच्याकडेच जास्त पाहत होतो, सौभाग्यवतीने कोपराने ढोसलं.

आता तो अर्धा गुण. आमच्या बाकावरून अगदी खालची बाजू दिसत नव्हती, कितीही मान पुढे काढली तरी, आणि कठड्यावर रेलायला मनाई. शक्य असेल तर टेबलाच्या बरोबर समोरची बाजू मागून बघा. मॅन्चिन यांनी मे महिन्यातच पक्ष सोडून अपक्ष म्हणून नोंद केली होती, निवडणूकही लढवणार नव्हते, जानेवारीत जाणार होते. क्लार्कने ल ची नावं संपवली आणि त्यांचं नाव पुकारलं. आमच्या पायांखाली कुठेतरी खुर्ची सरकल्यासारखी वाटली. अंगठा वर गेला की खाली, की ते आलेच नव्हते, आमच्या जागेवरून काही दिसलं नाही.