साधा स्क्रूड्रायव्हर की १००० व्होल्टचा इन्सुलेटेड?

घरातील स्विचबोर्डच्या कामासाठी जाड प्लॅस्टिक मुठीचा साधा स्क्रूड्रायव्हर पुरेल की इन्सुलेटेड, म्हणजे दांडीवरही विद्युतरोधक आवरण असलेला घ्यावा, असा प्रश्न एका परिचितांनी विचारला.

सुरक्षिततेत दोहोंची बरोबरी होत नाही. साध्याची मूठ विद्युतरोधक भासली, तरी तिची तशी चाचणी झालेली नसते आणि पोलादी दांडी उघडीच राहते. बोट घसरले किंवा दांडी शेजारच्या टर्मिनलला टेकली, की धोका ओढवतो. आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या अवजारात मात्र आवरण टोकाजवळपर्यंत येते आणि त्याची चाचणी १०,००० व्होल्टवर होते. दुहेरी त्रिकोण आणि १००० व्होल्ट ही खूण पाहावी. लाल-पिवळा रंग हा पुरावा नव्हे.

किमतीत साधा स्वस्त. टिकाऊपणातही तोच सरस, कारण इन्सुलेटेडच्या आवरणाला चीर गेली, की ते अवजार विजेच्या कामातून बाद करावे लागते. शिवाय जाड आवरण एमसीबीच्या (बिघाड होताच वीज आपोआप तोडणाऱ्या स्विचच्या) स्क्रूच्या खोल छिद्रात अडते. तेथे बारीक दांडीचा इन्सुलेटेड प्रकार लागतो.

दाराच्या बिजागऱ्यांसारख्या, विजेशी संबंध नसलेल्या कामांना साधा पुरेसा आहे. बोर्ड उघडायचा असल्यास इन्सुलेटेडच घ्यावा, आणि तरीही मेन स्विच बंद करून, टेस्टरवर विसंबून न राहता मल्टिमीटरने तपासूनच हात घालावा.